गॅरेजमधले रोजेदार

रमजान लागला की आमच्या गॅरेजात चहा कमी होतो आणि किस्से वाढतात. कारण साधं आहे. एरवी माणसाचं तोंड खाण्यात गुंतलेलं असतं, या महिन्यात ते दिवसभर मोकळं असतं! शिवाय रोजाचे नियम पुष्कळ, आणि प्रत्येकाला नेमके आपल्या सोयीचेच पाठ.

आमचं गॅरेज धुळ्यात, हायवेला लागून. सगळी ट्रकची कामं. मालक नाना, मूळचे शिंदखेड्याकडचे शेतकरी. मी अन्वर, मेकॅनिक. पत्रा ठोकायला युसूफभाई, रंगाला हमीदचाचा, वेल्डिंगला भिका. आणि शेजारच्या मशिदीतले मौलाना, ज्यांना आम्ही महिनाभर सुखानं बसू देत नाही.

*

भिका नवीन होता तेव्हाची गोष्ट. पहिल्याच रोजाला नानांनी भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘रोजेदारांसमोर खाऊ नये.’

भिकानं मला बाजूला घेतलं. "बठ्ठा दिन पानी बी नही?"

"नाही. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत काहीच नाही."

"आमना उपासले साबुदाणा तरी ऱ्हास!" असं म्हणून त्यानं कपाळाला हात लावला.

दुपारी तो नियम पाळून भाकरी घेऊन सरळ ट्रकखाली शिरला. बाहेर फक्त दोन पाय! पण हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा वास सगळ्या गॅरेजभर. तेवढ्यात ट्रकचा मालक आला. खालचे पाय बघून घाबरला. "काय बिघडलंय हो?"

हमीदचाचा ब्रश बाजूला ठेवून म्हणाले, "गाडीचं काही नाही. आमची नियत बिघडतेय!"

*

युसूफभाई एका दुपारी तोंड पुसत आला आणि थेट मौलानांकडे गेला.

"मौलाना, भुलून उसाचा रस प्यायलो. रोजा गेला का?"

"रोजा आहे हे खरंच विसरून प्यायला असशील, तर रोजा कायम. पण आठवल्याबरोबर थांबायला हवं. कधी आठवलं?"

"ग्लास संपल्यावर."

"हं. बर्फ घातला होता?"

"नाही, घसा बसलाय ना. बर्फाशिवाय सांगितला."

"आणि आलं-लिंबू?"

"दोन्ही घालायला सांगितलं. त्याशिवाय मजा नाही."

मौलाना त्याच्याकडे बघतच राहिले. "एवढं सगळं आठवलं, फक्त रोजा तेवढा विसरलास?"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. एका ट्रकची टाकी रिकामी करायची होती. नळी तोंडात धरून डिझेल ओढायचं, ही आमची जुनी पद्धत. रोजात करायला नको होतं, पण हाताची सवय! ओढलं, आणि एक घोट सरळ घशाखाली.

थुंकलो, चूळ भरली, मशिदीकडे धावलो. नाना काळजीनं मागोमाग.

मौलाना म्हणाले, "रोजा विसरून गिळलं असतंस तर चाललं असतं. तुला रोजा आठवत होता आणि चुकून गेलं. म्हणून तुटला. ईदनंतर एक रोजा भरून दे."

मी म्हटलं, "पण मौलाना, डिझेल म्हणजे काय खाणं आहे का?"

"पोटात गेलं ना?"

मी उत्तर द्यायच्या आत नाना म्हणाले, "गेलं. आणि ते पण गिऱ्हाइकाचं!"

परत आलो तर भिका दारातच हात पसरून उभा. सगळ्यांना ओरडून सांगत होता, "आते याना जवळ कोणी बिडी पेटाडू नका!"

*

नानांनी युसूफभाईला सांगितलं, "दोंडाईच्याला जाऊन पत्रा घेऊन ये."

युसूफभाई म्हणाला, "दोंडाईच्याचा पत्रा पातळ असतो नाना. जळगावचा आणतो."

नानांना वाटलं, पोरगं कामाची काळजी करतंय. मला खरं कारण माहीत होतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मुसाफिराला रोजा सोडायची मुभा असते, नंतर भरून द्यायचा. अंतर किती लागतं ते यानं आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. दोंडाईचा त्यात बसत नव्हतं, जळगाव बसत होतं!

सकाळी नऊच्या एसटीनं निघाला. पारोळ्याला बस थांबली तिथं समोसे खाल्ले. संध्याकाळी पत्रा उतरवून छाती पुढं काढून मौलानांना सांगायला गेला.

"कितीला निघालास?"

"नऊला."

"पहाटे रोजा सुरू झाला तेव्हा कुठं होतास?"

"घरी. अंथरुणात."

"मग त्या दिवसाची मुभा तुला नव्हतीच. मुसाफिर समोसा खाताना झालास, पहाटे तू घरचाच होतास!"

युसूफभाई खाली मान घालून परत आला. आम्हाला वाटलं, पस्तावला. थोड्या वेळानं नानांच्या केबिनमध्ये डोकावून विचारतो, "नाना, जळगावला मुक्कामाचं काही काम निघेल का?"

*

हमीदचाचांना शुगर. इंजेक्शनवर आहेत. डॉक्टरांनी रोजे साफ मना केले, आणि मौलानांनीही बजावलं, "हट्ट करू नका. बरं न होणाऱ्या आजाऱ्याला माफी आहे. प्रत्येक रोजामागं एका गरिबाला पोटभर जेवू घाला."

दुसऱ्या दिवशी चाचा भरलेला डबा घेऊन आले आणि आमच्या मधोमध उभं राहून विचारलं, "आपल्यात गरीब कोण आहे?"

सगळे एक पाऊल मागं सरकले.

युसूफभाई म्हणाला, "माझं तर स्वतःचं घर आहे."

मी म्हटलं, "माझी मुलगी इंग्लिश मीडियमला आहे."

भिका तर चिडलाच. "मना बापना घर दोन बैलजोड्या शेतस!"

केबिनमधून नानांचा आवाज आला, "वा रे वा! पगारवाढ मागताना तर सगळे उपाशी मरत होता!"

तो डबा शेवटी बसस्टँडवरच्या एका म्हाताऱ्याला गेला.

*

पंधराव्या रोजानंतर युसूफभाई एकदम पक्का झाला. डोक्यावर टोपी, हातात तस्बीहची माळ, आणि तोंडात आमच्यासाठी उपदेश. मला म्हणायचा, "अन्वर, नुसतं उपाशी राहणं म्हणजे रोजा नव्हे!" इफ्तारला बसायची जागाही मौलानांच्या शेजारी.

गॅरेजच्या मागं पत्र्याची पेंटरूम आहे. हमीदचाचा दुपारी स्वतःचा डबा घेऊन तिथं जायचे. रोजेदारांसमोर कशाला खायचं, म्हणून. अर्ध्या तासानं रिकामा डबा धुऊन बाहेर यायचे. आम्हाला त्यांचं कौतुक वाटायचं.

पंचविसाव्या रोजाला चाचा आत असताना युसूफभाई तिथं गेला. पुढचं मला चाचांनीच ईदच्या दिवशी सांगितलं. युसूफभाई पडदा सारून आत आला तेव्हा ते मागच्या खिडकीतून पोळी-भाजी कुत्र्याला घालत होते. सगळी. रोजच घालायचे. त्यांचे चोवीस रोजे झाले होते आणि हा पंचविसावा.

"चाचा, हे काय?"

"पन्नास वर्षांत एक सोडला नाही रे. आता सुईच्या भीतीनं सोडू? पण तू इथं काय करतोस? हातात काय आहे?"

युसूफभाईच्या हातात कागदाची पुडी होती. जिलेबीची. तो रोजच इथं लपून खायला यायचा, फक्त आजवर चाचा गेल्यावर यायचा.

दोघं एकमेकांकडे बघत असतानाच चाचांचे हात थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला आणि ते रंगाच्या डब्यावर बसले ते कलंडलेच. साखर एकदम उतरली होती. युसूफभाईनं त्यांना धरलं आणि जिलेबी तोंडात कोंबली. चाचांनी दात आवळून धरले. त्यानं बोटानं दात उघडले. "गिळा चाचा, पाया पडतो, गिळा!"

गिळली. दुसरीही गिळली. थोड्या वेळानं चाचांना तरतरी आली. म्हणाले, "युसूफ, तू इथं जेवतोस हे मी कुणाला सांगणार नाही. मी इथं जेवत नाही हे तू कुणाला सांगू नकोस."

युसूफभाईनं पुडी गुंडाळून खिशात घातली.

संध्याकाळी गॅरेजात ताडपत्री अंथरली. नानांनी कलिंगड कापून आणलं होतं. मौलाना, आम्ही सगळे, भिकासुद्धा रांगेत. रोजा सोडायच्या अजानला दोन-तीन मिनिटं असतील. प्रत्येकाच्या हातात खजूर.

युसूफभाई अचानक म्हणाला, "मौलाना, चाचा रोजे धरतायत. सगळे. डबा कुत्र्याला घालतात. आज मरता मरता वाचले."

चाचांनी मान खाली घातली. मौलाना रागानं लाल झाले. "हमीदभाई, जीव ही अल्लाहची अमानत आहे. तुम्हाला माफी दिलेली असताना..." आणि बरंच काही बोलले. चाचा फक्त "उद्यापासून नाही" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात नानांनी विचारलं. नानांच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं.

"पण युसूफ, तुला कसं कळलं? दुपारी पेंटरूममध्ये तू काय करत होतास?"

अजान सुरू झाली. सगळ्यांचे हात तोंडाकडे गेले. युसूफभाईनं आपला खजूर परत ताटात ठेवला.

"जेवत होतो," तो म्हणाला.