डाव्या हाताचा घास

आबांनी माझा डावा हात बांधला तेव्हा मी पहिलीत होते. साल एक्क्याऐंशी. आबा म्हणजे माझे वडील. जालन्याहून येताना केदारखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, बऱ्यापैकी शेती, आणि साऱ्या घरात डावरी निघाले ती मी एकटी. जेवायला डावा, लिहायला डावा, चिंचेला दगड मारायला तर डावाच. आई ओरडायची, पण मी कुठली ऐकते!

झालं काय, गावात लग्न होतं. पंगत बसली आणि मी सगळ्यांच्या देखत डाव्या हातानं बुंदी खाल्ली. समोरच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं माय, पोरगी डाव्यानं जेवून राह्यली! हिला करून घेईल कोन?" अख्खी पंगत हसली. आबा वाढत होते. ते बादली घेऊन तिथंच उभे राहिले, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला बुंदी जास्त मिळाली नाही, एवढंच माझं दुःख होतं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी आबांनी आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझा डावा हात पाठीमागं नेऊन बांधला. मनगटाला काचू नये म्हणून गाठीखाली कापूस ठेवला, आमच्याच वावरातला. गाठ सुरगाठ होती, एक टोक ओढलं की सुटणारी. "लइच तरास झाला तर वढ," म्हणाले. मी कधीच ओढलं नाही. हट्टी होते ना! रडत रडत उजव्यानं जेवायचे. वरण कोपरापर्यंत यायचं, घास नाकाला लागायचा, आणि आबा स्वतःचं ताट बाजूला ठेवून समोर बसायचे. त्यांनी मला जन्मात चापट मारली नाही, हेही सांगायला पाहिजे. घास नीट तोंडात गेला की म्हणायचे, "बराबर!" त्या एका शब्दासाठी मी जीव टाकायचे.

पुढच्या वर्षी कधीतरी चिंधी सुटली ती सुटलीच. मी पक्की उजवी झाले. फळीवरून एखादं भांडं घरंगळलं तर झेलायला डावा हात आधी धावायचा, तेवढीच काय ती त्याची आठवण. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी उंची विचारली, शिवण येतं का विचारलं. हाताचं कुणी नावही काढलं नाही. आबा मात्र दाराआडून बघत होते, मी पाण्याचा ग्लास कोणत्या हातानं देते ते. उजव्यानंच दिला. लग्न जालन्यात झालं. नवरा एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात, त्याचा स्वभाव गरीब, आणि माझा तुम्हाला एव्हाना कळलाच असेल.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. कापूस वेचणीच्या दिवसांत आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गावात शहाण्यांना तोटा नव्हता. कुणीतरी सांगितलं कबुतराचं रक्त चोळा, झालं, सगळे चोळत बसले. मला निरोप आला तेव्हा मोलाचा वेळ वाया गेला होता. मी जीप करून गेले. आबांच्या अंगावर ते वाळलेलं रक्त बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. लहानमोठं न बघता सगळ्यांना वाट्टेल ते बोलले आणि आबांना उचलून जालन्याला आणलं.

दवाखान्यातून सुटल्यावर आबा आणि आई माझ्याच घरी राहिले. लेकीच्या दारात पडून राहायचं, याचीच आबांना जास्त शरम. वाचेतला एकच शब्द उरला होता, "बराबर". भूक लागली तरी बराबर, दुखलं तरी बराबर, दिवे गेले तरी बराबर. मी हसायचे, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

व्यायाम घ्यायला एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला समजावलं, "मेंदूचा जो भाग मेला तो काही परत येत नाही. पण शेजारचा भाग त्याचं काम शिकतो. मेंदू म्हातारपणीही शिकतो, ताई. फक्त त्याला भाग पाडावं लागतं. चांगला हात मोकळा असला की माणूस त्याच हातानं भागवून घेतो. म्हणून रोज थोडा वेळ यांचा डावा हात बांधून ठेवायचा, म्हणजे उजवा काम करील. मऊ कापड घ्या बरं का."

माझ्या कानात नुसतं शूं झालं. बाई पुढं काय बोलल्या ते नवऱ्यानंच ऐकलं.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या सुती साडीची चिंधी फाडली. गाठीखाली कापूस ठेवला. बोटांनी आपोआप सुरगाठ मारली, मी ठरवलं नव्हतं. आबांनी मान वाकडी करून गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी सांगितलंच होतं की या आजारात माणूस उगाच रडतो. उगाच म्हणे! माझे आबा उगाच रडत नव्हते, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं.

"आबा, लइच त्रास झाला तर ओढा," मी म्हणाले. त्यांनीही कधी ओढलं नाही.

महिनोन्‌महिने आम्ही ताटात हरभरे टाकून उचलायला बसायचो. उजवा हात ताटाच्या काठापर्यंत यायचा, बोटं हरभऱ्याला शिवायची, की थकला. एकदा एक दाणा चिमटीत आला आणि मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. पण तो तेवढाच. शेवटी बाई म्हणाल्या, "ताई, उजव्याचा आता नाद सोडा. डाव्यानं जेवू द्या. वजन फार उतरलंय, खाल्लं नाही तर काही खरं नाही."

आणि इथंच घोडं अडलं. आबा डाव्या हातानं खाईनात. भाकरीचा तुकडा त्या हातात दिला की ते तो ताटात ठेवायचे आणि हात आपणहून पाठीमागं न्यायचे. कुणी बांधलेला नव्हता आता, तरीही. आईनं भरवलं तर दोन घास, मी भरवलं तर तोंड भिंतीकडं. गालफडं बसली, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर माझा बाप उपाशी मरत होता, भरल्या ताटावर.

एके दुपारी मी ताट घेऊन त्यांच्या पुढ्यात बसले. "बघा आबा, मी डाव्यानं जेवून दाखवते. काही पाप लागत नाही." उजवा हात पाठीमागं घेतला. मला वाटलं, जन्माचा हात आहे, विसरेल कसा? भाकरी मोडायला गेले तर बोटांना जमेना. तुकडा निसटला. दुसरा वरणात बुडवला, तर वरण कोपरापर्यंत आलं आणि घास नाकाला लागला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझा हात, मी जो घेऊन जन्माला आले तो, माझ्या ताटात परक्यासारखा चाचपडत होता.

मला धसका बसला. दाखवायचं राहिलं बाजूला, मी लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. "आबा, माझा हात गेला हो! माझा पण हात गेला!"

आबा बघत राहिले. मग त्यांनी पाठीमागचा डावा हात पुढं आणला आणि माझं डावं मनगट धरलं, जिथं गाठ असायची तिथंच. अंगठ्यानं तिथं चोळलं, बराच वेळ. मग माझा तो खरकटा हात हळूच ताटाकडं नेला, आणि तोंड उघडलं.

मी डाव्या हातानं कसाबसा तुकडा मोडला आणि त्यांना भरवला. अर्धा मिशांना लागला. अर्धा गेला. "बराबर," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून आबा माझ्या डाव्या हातानंच जेवायचे. मी विसरून उजवा पुढं केला तर तोंड मिटायचे. आधी सदरा बरबटायचा, मग नुसती हनुवटी, मग काहीच नाही. माझी बोटं भाकरी मोडायला शिकली, माशातला काटा काढायला शिकली, चमचाभर औषध न सांडता पाजायला शिकली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. आबांच्या गालांवर थोडं मांसही आलं. मला वाटलं, जिंकले मी.

उन्हाळ्यात आबांनी गावाकडं बोट दाखवायला सुरुवात केली, म्हणून आठ दिवसांसाठी घेऊन गेले. तिथं दुसरा झटका आला. या खेपेला रक्त चोळायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि कुठं न्यायलाही वेळ राहिला नाही.

ओसरीत माणसं जमली. आईनं गंगेच्या पाण्याची पळी माझ्याकडं दिली. मी ती आबांच्या ओठांशी नेली तशी एक चुलती दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, डाव्या हातानं पानी पाजती का बापाला? उजव्यानं घाल."

आई जन्मात कधी भावकीपुढं बोलली नव्हती. ती म्हणाली, "घालू दे. त्याच हातचं खायचे ते."

मी पळी वाकवली. हात जराही हलला नाही, आणि एक थेंबही सांडला नाही. मी आबांच्या "बराबर"ची वाट बघत तशीच बसून राहिले.