नेव्हर आणि न आणलेला नारळ

लेकीच्या इंग्रजीच्या वहीतलं एक बरोबर वाक्य मी सुधारून चूक केलं. तिने लिहिलं होतं, "नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड." 'आय'च्या आधी 'हॅव' आलाय म्हणजे हा प्रश्नच, असं माझं मत पडलं. मी 'आय हॅव' असं सरळ करून दिलं. वर, वर्गात लक्ष देत जा, हेही ऐकवलं. दुसऱ्या दिवशी वही लाल होऊन परत आली.

लेक बारावीला आहे. भांडली नाही. जेवताना इतकंच म्हणाली, की मैत्रिणी धामणकर नाक्यावर इंग्रजीच्या क्लासला जातात, तर मीही जाऊ का?

तिला गणित शिकवणं ती दहावीत असतानाच माझ्या हातून गेलं होतं. मोबाइलमधलं काही अडलं तर मीच तिला विचारतो. राहिलं होतं इंग्रजी, सुताच्या दलालीत मेलना उत्तरं देऊन देऊन कमावलेलं. त्या निमित्ताने जेवणानंतर अर्धा तास ती माझ्याजवळ बसायची. तो अर्धा तासही आता रिक्षात बसून नाक्यावर चालला होता.

मी म्हटलं, दोन दिवस थांब. तिचं व्याकरणाचं पुस्तक दुकानात नेलं आणि बसलो घोकत. जोर द्यायचा असेल तर 'नेव्हर' सुरुवातीला घ्यायचा, आणि मग हॅव, हॅड, डिड, जो कोण असेल तो कर्त्याच्या आधी. सूत बघायला आलेला लूमवाला माझं घोकणं बघून म्हणाला, "सेठ, इम्तिहान आपका है क्या?" नियम पाठ झाला. पण पोरीने "असं का?" विचारलं तर? या विचारात बायकोने सांगितलेला नारळ आणायचा राहिला.

बायकोचं माहेर दिघाशी गावचं. एरवी ती शहरातलं बोलते. "तुम्ही नारळ आणला नाही," एवढंच म्हणते. पण त्या दिवशी तिचं वाटण अडलं होतं. दारातच म्हणाली, "न्हाय आनला ना नारल?"

मी चपला न काढताच लेकीला हाक मारली. म्हटलं, "ऐकलंस? 'न्हाय' उडी मारून पुढे आला. 'आनला' त्याच्या पाठोपाठ. नारळ गेला शेवटी. इंग्रजालाही जोर चढला की त्याचं असंच होतं."

मी बायको आहे की फळा, अशी मागून विचारणा झाली. हेही उदाहरण म्हणून घेणार होतो, पण तिच्या हातात उलथनं होतं.

लेक हसत सुटली. वही ओढून तिने लिहिलं, "नेव्हर हॅज माय फादर रिमेम्बर्ड द कोकोनट." मी तपासलं. व्याकरण बिनचूक होतं. मजकूरही.

क्लासचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आपणहून वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आता 'नो सूनर' सांग ना. आई आज कशावर चिडलीय?"

लेक झोपायला गेल्यावर बायको ओटा पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "विसरत जा रोज काही ना काही, परीक्षेपर्यंत. नंतर बघते मी तुमच्याकडे."