काशाची वाटी आणि माझे दांडगे हात

धाकट्या जावेच्या तळपायांतली उष्णता काढायची म्हणून मी चार दिवस तिला छळलं, आणि वर वॉर्डभर शाबासकी मागत फिरले. तेव्हा मी पंचावन्नची, म्हणजे अक्कल यायला अवकाशच होता.

नगरच्या दवाखान्यातला तो वॉर्ड वेगळा. आजार बरा होणार नाही हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. माणसाचं दुखणं तेवढं हलकं करतात. औषधं असायचीच, शिवाय दुपारी एक ताई येऊन पायांना तेल लावायची. इतकं हळू, की मला वाटलं, हिला घरी कुणी जेवायला घालत नसावं.

"अगं पोरी, असल्या चोळण्यानं म्हशीवरची माशी तरी उठंल का?" म्हणत मी तिला बाजूला सारलं. तिसगावच्या बाजारातून आणलेली काशाची वाटी काढली, तूप लावलं आणि चार म्हशींच्या धारा काढणाऱ्या हातांनी घासायला बसले.

"आक्का, तुमी थोरल्या. माझ्या पायाला हात नका लावू," जाऊ म्हणाली.

"गप पड!"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, सुख लागलं. वाटी काळी पडली की शेजारच्या खाटांवरच्या बायांना दाखवायची, "बघा, केवढी उष्णता निघाली!"

पाचव्या दिवशी ताईनं पांघरूण सारलं. सुजलेल्या पावलांवर माझ्या अंगठ्यांचे व्रण. "मावशी, काशाला तूप लावून घासलं की वाटी काळी होतेच. पाय कुणाचेही असोत," एवढंच म्हणाली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. थोरल्या जावेला नको कसं म्हणायचं, म्हणून ही बया खाटेची दांडी धरून सोसत होती! तिच्याकडे दिवस थोडेच उरले होते, आणि त्यातले चार मी नासवले होते.

ताईनं माझा तळहात जावेच्या पावलावर नुसता ठेवायला लावला. दाबायचं नाही, तिच्या श्वासाबरोबर हळूच सरकवायचा. भाकरी थापताना कधी दमले नाही, पण हात हलका ठेवताना घाम फुटला मला.

त्या दुपारी जाऊ चक्क घोरली. जागी झाल्यावर म्हणाली,

"आक्का, तीस वर्सं झाली मला या घरात येऊन, तुमचा हात एवढा मऊ हाय ह्ये आज कळलं. उद्या बी लावा. पन वाटी घरी ठिवून या."