अप्पांच्या ओट्याखालचा नळ

सिद्रामप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. लग्न होऊन सोलापूरला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. गल्लीत चार दिवसांनी पाणी सुटलं होतं. समोरच्या ओट्याखालच्या नळावर मागच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि ओट्यावर एक गृहस्थ नळाकडे पाठ करून स्वतःच्याच घराच्या भिंतीकडे बघत बसले होते. मला वाटलं, घरात काहीतरी बिनसलेलं दिसतंय. सासूबाई म्हणाल्या, "न्हाई गं, अप्पा पाण्याच्या दिवशी असंच बसत्यात."

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "बघत बसलं की मनात येतंय, हिनं तीन न्हेल्या, तिनं चार न्हेल्या. मग द्यायचं जिवावर येतंय. त्यापेक्षा बघायचंच न्हाई."

यावरून अप्पा कोणी संत होते असं समजू नका. कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान होतं आणि तिथे त्यांच्या हातून एक शेंगदाणाही जास्त जात नसे. उधारी लांबली, तर चारचौघांत नाव घेऊन मागायचे. "दुकान हाय हे, देऊळ न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य मीही दोनदा ऐकलेलं आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस वेगळा होता. मागच्या आळीत विड्या वळणाऱ्या बायकांची घरं होती आणि वर्षाची पाणीपट्टी एकरकमी भरणं त्यांना झेपत नसल्यामुळे तिथे नळ नव्हते. पाणी सुटलं की अप्पा आळीच्या तोंडाशी जाऊन ओरडायचे, "या गं, आलंय!" मग खुर्ची फिरवून बसायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात नळाला मीटर सक्तीचा झाला. जितकं पाणी वापराल तितकं बिल. गल्ली खवळली. पाण्याआधी नळातून वारा येतो, त्या वाऱ्यावरही मीटर पळणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. मारुतीच्या पारावर बैठक झाली. तिथे मीटरच्या बाजूने बोलणारे एकटे अप्पा. "हौद वाहून गटारीत सोडनारा आन दोन घागरीत भागवनारा, दोघं सारकंच पैशे भरत्यात. हे बरं हाय व्हय? जेवढं घ्यायचं तेवढ्याचं द्या की!" दुकानदाराला न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. लोक चरफडले, पण मीटर बसले.

पुढच्या पाण्याला अप्पांनी नेहमीसारखी हाक मारली, खुर्ची फिरवली आणि बसले. बराच वेळ घागरीचा आवाज आला नाही. शेवटी त्यांनी मान वळवली. नळावर कोणीच नव्हतं. बायका आळीच्या दुसऱ्या टोकाच्या हापशावर गेल्या होत्या, ज्याचं मचूळ पाणी आम्ही भांडी घासायलाही वापरत नव्हतो.

दुपारी नरसम्मा दुकानात आली. या बायकांमध्ये तीच वडीलधारी, घर विणकरांचं, बोलणं मोजकं. मी तेव्हा साखर घ्यायला उभी होते. अप्पांनी तिला विचारलं, "काय गं, मी कदी काय बोललो का तुमाला?"

"न्हाई, अप्पा. आदी पाणी नळाचं हुतं. आता ते तुमचं झालंय."

"मी मागतोय का बिल?"

"मागत न्हाई म्हनून तर यायला जड जातंय."

अप्पांनी मीटर दिसू नये म्हणून त्यावर गोणपाट टाकून पाहिलं. रीडिंग घेणाऱ्या माणसासाठी मुलाने, मल्लिनाथने, ते काढलं. बायका काही आल्या नाहीत. पाण्याच्या दिवशी अप्पा ओट्यावर यायचे, हाक मारायचे आणि नुसतेच बसून राहायचे. मीटरच्या बाजूने आपणच बोललो, हे त्यांना खात असावं. खरं सांगते, मला त्यांची फार दया यायची आणि ती दाखवायची सोय नव्हती.

सहा-सात महिन्यांनी नरसम्माने शेजारच्या तीन घरांना सोबत घेऊन आळीत नळ घेतला. मीटर असल्यामुळे वापराल तेवढंच भरायचं होतं, त्यामुळे आता ते जमण्यासारखं होतं. अप्पांना कळलं तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले आणि पुडी बांधत राहिले. त्यांना लागलं होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

त्या नळाला पहिलं पाणी आलं, तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिथून मागची आळी दिसते आणि बोलणंही ऐकू येतं. अप्पा पितळी कळशी घेऊन आळीचा उतार उतरताना दिसले.

"नरसम्मा, येक कळशी भरून दे की."

नरसम्मा म्हणाली, "तुमचा हौद भरून वाहतोय, अप्पा."

"वाहू दे. मला तुज्या नळाचं पायजे."

"हितं धार बारीक हाय. लई वेळ लागंल."

"लागू दे. तवर तुमी वरच्या माज्या नळाला घागरी लावा. मी हितनं न्हेतो, तुमी तितनं न्ह्या."

नरसम्माने त्यांच्या हातातली कळशी घेऊन नळाखाली ठेवली आणि सुनेला दोन घागरी देऊन वर पाठवलं. मला एकदम रडूच आलं, ओला टॉवेल हातात तसाच राहिला.

कळशी खांद्यावर घेऊन, गुडघे सांभाळत अप्पा चढ चढून आले. मल्लिनाथ दारात होता. "अप्पा, घरात एवढं पाणी असताना हे कशाला?"

"हे प्यायला," अप्पा म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी माठातलं पाणी ओतून दिलं.

गेल्या वर्षी अप्पा गेले. त्या दिवशीही माठात नरसम्माच्या नळाचंच पाणी होतं.