काकांच्या फोनवरचे मेसेज

आमची मावशी शिलाईकाम करते. आम्हा भाचरांना ती काही उसवलं की आठवते. बँकेतलं खातं तिचं आणि काकांचं, दोघांचं, पण त्याला जोडलेला नंबर काकांचा. मावशीने कार्डावर काहीही घेतलं की मेसेज तिकडे वाजायचा आणि लगेच काकांचा फोन, "काय घेतलंस?" दोऱ्याची रिळं घेतली तरी हिशोब द्यायचा, म्हणून ती वैतागायची. फोन यायला उशीर झाला तर त्याहून जास्त वैतागायची.

काका गेले. मावशीने नंबर बदलला नाही. तो फोन शिलाई मशीनशेजारी चार्जिंगला असतो, रिचार्जही ती चुकवत नाही. कोणी काही बोललं की म्हणते, "राहू दे, तुमचं काय जातंय?"

दोघांनी ठरवलेली परदेशाची सहल यंदा तिने एकटीने केली. निघताना दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं, बँकेला तेवढं सांगायचं राहिलं. काकांचा फोन घरीच ठेवला. घरात कोणीतरी असावं, असं तिचं गणित.

हॉटेलची खोली सोडताना कार्ड चालेना. रोकड टॅक्सीपुरती, दुपारी विमान. काउंटरवरचा माणूस हसत हसत पुन्हा पुन्हा कार्ड लावून बघत होता. मागे रांग, त्यात भाषेची बोंब. एवढ्या माणसांत आपलं एकही नाही, याची मावशीला भीती वाटली.

तिने बँकेला फोन लावला. "परदेशातला खर्च दिसला म्हणून कार्ड थांबवलंय," तिकडची मुलगी म्हणाली. "तुमच्या नंबरवर विचारलं होतं. उत्तर आलं नाही."

"उत्तर कोण देणार?" मावशी म्हणाली.

"पुन्हा पाठवते. उत्तर आलं की कार्ड सुरू होईल."

घराची किल्ली शेजारणीकडे होती. मावशीने तिला फोन करून मशीनपाशी पाठवलं.

"अगं, इथे मेसेजचा ढीग पडलाय," शेजारीण म्हणाली. "आत्ताचा विचारतोय, हे खर्च तुम्हीच केलेत का?"

"हो म्हणून पाठव."

थोड्या वेळाने कार्ड चाललं. मावशीने पावती घेतली, बॅग दाराशी ओढली. फोन चालूच होता. शेजारीण आपली एकेक मेसेज वाचत बसली होती.

"आणि हा कालचा गं? काय घेतलंस?"

मावशी तिथेच बॅगेवर बसली. काका गेल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"बटणं," डोळे पुसत ती म्हणाली. "शिंपल्याची. महाग पडली, पण रागावू नका."