ढोल वाजला तेव्हा माझ्या मुलीचा पाय

असल्या गोष्टी लोक टाकतात ना ग्रुपवर, मी हसायचे त्यांना. मी नववीपर्यंतच शिकले, चुकलं तर समजून घ्या... पण जे बघितलं तेच लिहिते.

आमचं गाव वेंगुर्ल्यापासून आत. माझी मनवा पाच वर्षांची, डावा पाय जन्मापासून आत वळलेला, टाच टेकतच नाही. गोव्यात ऑपरेशनची तारीख मिळालीय.

दसऱ्याला दुपारी चारच्या सुमारास देवळासमोर तरंग निघाले, म्हणजे साड्या गुंडाळलेल्या देवाच्या उंच काठ्या. एक काठी माझ्या चुलत सासऱ्यांकडे, त्यांच्या अंगात अवसार, म्हणजे देव येतो. ढोल वाढला, काका थरथरले, काठी घेऊन नाचायला लागले — आणि मनवा माझा हात सोडून पुढे! नाचत होती... दोन्ही टाचा जमिनीवर, सरळ! मी ओरडलेच.

सगळे तिच्याकडे बघत होते. मी काकांकडे बघितलं. त्यांचा डावा पाय आत वळलेला, टाच वर. साठीचा माणूस, माडावर चढतो हो अजून!

ढोल थांबला. काका सरळ उभे. मनवा पडली, पाय परत वाकडा.

"देवाकडे सरळ, आयशीकडे वाकडो!" शेजारीण म्हणाली, बायका हसल्या. सासूने तर सगळ्यांसमोर मला धारेवर धरलं. "देवान दाखवल्यान मगे? आता चेडवाच्या पायाक सुरी लावलंस तर ह्या घरात पाय ठेवू नको."

काकांच्या पायाचं सांगितलं तर सासू म्हणे, "देवाक नावा ठेवतस?" नवरापण म्हणाला, "आये सांगता तसा कर, यंदा ऑपरेशन रवांदे."

दुसऱ्या दिवशी सासू पाणी भरायला गेली तेव्हा काका मागच्या दाराने आले. घामाघूम. पायरीवर बसून डावा घोटा चोळत होते.

"गो, तिका घेवन जा ऑपरेशनाक. कोणाचा आयकू नको."

"काका, तुमकाच देव येता आणि तुमीच..."

"म्हणानच सांगतंय! आणि ढोलाकडे परत हाडू नको तिका. माका तो पाय झेपाचो नाय."

गुरुवारी मी मनवाला घेऊन निघतेय, परत घरात घेतील की नाही माहीत नाही. डॉक्टरला फोनवर विचारलं, ते म्हणाले असा पाय ढोलाने सरळ होत नाही, वाकडाही होत नाही. मग काय होतं ते? मला कळत नाही... आणि मनवा सारखी विचारते, "आये, माका परत कधी नाचूक मेळतला?"