नागपूर, एक तास दहा मिनिटं

चौकशीच्या खिडकीमागं बसलं की किस्से आपोआप साठत जातात. पाणी मात्र त्या वर्षी कुठंच साठलेलं नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. चिकलठाण्याहून नागपूरचं छोटं विमान नुकतंच सुरू झालं होतं आणि काउंटरवर आम्ही दोघं, मी आणि जोशीकाका. विमान भरलं नाही तर ते बंद आणि तुमची खिडकीही बंद, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

जो तो एकच विचारायचा, नागपूर किती लांब? काका मान वर न करता सांगायचे, "हवाई अंतर चारशे किलोमीटर, वेळ एक तास दहा मिनिटं." जरा पाच मिनिटं कमी सांगा, गिऱ्हाईक वाढेल, असं मी एकदा सुचवलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

सिल्लोडचे एक कापसाचे व्यापारी तिकीट काढायला आले आणि वेळ ऐकून भडकलेच. रस्ता खोदलेला, त्यांना इथवर साठ किलोमीटर यायलाच तीन तास लागले होते. काकांना म्हणाले, "ते नागपूर ऱ्हाऊ द्या. सिल्लोडला जातं का काही?"

ती सीट रिकामीच गेली.

*

सिडकोतल्या एका बाईंना मुलगी नागपूरला द्यायची नव्हती, लांब पडतं म्हणून. काकांनी वेळ सांगितली आणि लग्न ठरलं! वऱ्हाडाची बारा तिकिटं आमच्याकडूनच गेली, साहेब खूश.

तीन महिन्यांनी बाई परत आल्या. नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि विहीणबाई तिसऱ्यांदा मुक्कामाला. "तुम्हाला तेव्हा दहा तास सांगायला काय झालं होतं?" असं त्यांनी काकांना विचारलं.

*

एक प्राध्यापिका दर महिन्याला नागपूरला बहिणीकडं जायच्या. जाताना बॅग बरोबर पंधरा किलो, येतानाही तेवढीच. एकदा चेन तुटली आणि बॅग काउंटरवरच उघडली. चादरी, पडदे, नवऱ्याचे शर्ट, सगळं मळलेलं. बाई जराही लाजल्या नाहीत. बहिणीकडं रोज पाणी येतं, म्हणाल्या. काकांनी स्वतः सुतळी आणून बॅग बांधून दिली. अशी आणखी वीस माणसं मिळाली असती तर आम्ही तरलो असतो.

*

मिळाली नाहीत. साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिली. मला रात्री झोप लागेना, काका तर जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे.

त्याच आठवड्यात शेंद्र्याचे भिवाजी आले. धनगर, डोक्याला लाल पटका. चराईच्या रानावर कारखाने उभे राहिले होते आणि दीडशे मेंढरं पाण्यावाचून होती. त्यांनी जाताना आणि येतानाही डावीकडचीच खिडकी मागितली, म्हणजे दोन्ही अंगांचा मुलूख दिसतो. नागपुरात काय काम, असं काकांनी विचारलं.

"काम काय नाय. वरून पाणी हुडकायचंय."

परतीच्या विमानातून उतरले ते थेट आमच्यापाशी आले. मेहकरच्या अलीकडं एक तळं दिसलं होतं.

"इमानानं पंचवीस मिनटं," भिवाजी म्हणाले. "मेंढरांना पंधरा दिस लागतील. तवर ते पाणी ऱ्हाईल का?"

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पंधरा दिवसांनी आम्ही तरी इथं असू का, हे मला सांगता येत नाही."

भिवाजींनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं.

"मग चला की आमच्यासंगं."